पाच जणांचं ऊन

सुरतेच्या नवागाममधल्या त्या घरात कधी काही वाया गेलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय उषाबाईच्या पोटाला जातं. नवऱ्याच्या ताटात उरलेला भात, धाकट्याने एक घास तोडून ठेवलेली पोळी, पातेल्याच्या बुडाला धरलेली खिचडी, मऊ पडलेला फाफडा, तारखेच्या काठावर उभं असलेलं दही. सगळं फिरून तिच्याकडे यायचं, उताराचं पाणी मोरीकडे यावं तसं. सगळ्यांची जेवणं उरकली की ती भांड्यांच्या घोळक्यात बसायची आणि एकेक निस्तरायची. "अन्न टाकवत नही माले," म्हणायची. घरच्यांना हा तिचा स्वभाव वाटायचा. स्वभाव म्हटलं की बरं असतं, दुसऱ्या कुणाला काही करावं लागत नाही.

पारोळ्याकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन सुरतेला आली. नवरा हिलाल पाटील उधन्याच्या एका लूम कारखान्यात मुकादम. पाळी कायम रात्रीची. दिवसा झोपून झोपून तो भिजवलेल्या कणकेसारखा पांढुरका झाला होता, आणि गावी गेला की लोक कौतुकानं म्हणायचे, सुरतेचं पाणी हिलालभाऊला लागलं, कसा गोरा झाला. उन्हातून सुटका व्हावी म्हणून तर माणसं गाव सोडतात. उन्हानं करपलेला भाऊ गावी राहतो आणि सावलीत पांढरा पडलेला भाऊ 'सुधारतो'.

घर तीन मजली, पण रुंदीला एवढंच की खाट आडवी टाकली तर पलीकडे जायला तिच्यावर चढावं लागावं. दोन्ही बाजूंना तशीच घरं. गल्लीत ऊन दुपारी यायचं, विजेच्या तारांच्या गुंत्यात अडकायचं आणि खाली पोचायच्या आत निघून जायचं. वर गच्चीवर मात्र ते रग्गड होतं. पण तिथे पत्र्याची खोली काढून हिलालने ती लूमवर काम करणाऱ्या ओडिशाच्या पोरांना दिली होती. गच्ची भाड्यानं गेली तसं तिच्यावरचं ऊनही भाड्यानं गेलं. उषाबाई खालच्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसून साड्यांना लेस लावायची, खडे चिकटवायची. दुसऱ्या बायांच्या अंगावर उन्हात चमकायचे खडे.

अशा या बाईला वर्षातून एकदा मान मिळायचा. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, शालू. सोमवारी सकाळी तिला पाटासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायची. पाटील भाऊबंदकीत पाट थोरल्या सुनेनं उचलायचा, आणि थोरली सून म्हणजे उषाबाई. त्या सकाळी गल्लीतल्या बाया तिच्या पायांवर तांब्यानं पाणी ओतायच्या. चुलत्या, पुतणे वाकायचे. वर्षभर जिच्यापुढे ताट सरकवून उठायचं तिच्या पायाला हिलालसुद्धा हात लावायचा, जरा घाईत, पण लावायचा. तिची सासू सांगायची की कानबाई ही राणूबाईची बहीण, आणि राणूबाई सूर्याची बायको. म्हणजे आपली देवी सूर्याची मेहुणी. या नात्यानं उषाबाईचं सूर्याशी काहीतरी घरोब्याचं असायला हवं होतं. पण दोघांची गाठ पडायची ती त्या एकाच सकाळी.

गेल्या वर्षी पाट डोक्यावर असताना चौकाच्या वळणावर तिचे गुडघे लटपटले. शेजारून चाललेली धाकटी जाऊ रंजना हिने पटकन पाटाखाली हात घातला. घातला तो काढला नाही. शेवटपर्यंत दोघींच्या हातांवर देवी गेली, आणि त्या एका हाताची चर्चा दिवाळीपर्यंत पुरली. रंजना दोन गल्ल्या सोडून राहायची, दणकट होती, गॅसची टाकी एकटी माडीवर न्यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी जमले तेव्हा चुलतसासू आंब्याची कोय चोखत, कुणाकडेही न बघता म्हणाली, "उषाना गुडघा गयात. येत्या सालले पाट रंजनाले द्या."

"आजून दम शे मन्हामा," उषाबाई म्हणाली.

"दम शे ते उठी दाखाड."

ती उठली, पण जमिनीला हात टेकून. चुलतसासूनं कोय टाकली आणि दुसरा आंबा घेतला.

सुरतेला परतल्यावर उषाबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती: श्रावणापर्यंत पायांत जोर आला पाहिजे.

त्याच सुमाराला धाकट्या मुलाचा, सागरचा, एक मित्र घरी आला. तो एका लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करायचा आणि त्याचं महिन्याचं टार्गेट अपुरं होतं. "काकी, पूरी फॅमिलीचं पॅकेज आहे, एकात पाच," तो म्हणाला. एका रविवारी हिलाल, थोरला योगराज, त्याची बायको सुषमा, सागर आणि उषाबाई अशा पाचही जणांनी बाह्या वर केल्या. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आले. साखर ठीक, रक्त ठीकठाक, आणि सगळ्यांचं एकजात 'विटामिन डी' लाल अक्षरात. उषाबाईचं सगळ्यांत कमी, एकच आकडा.

घरात एखादं बक्षीस लागावं तसं वातावरण झालं. हा काही खरूज-खोकल्यासारखा गल्लीतला आजार नव्हता. वेसू आणि पालच्या फ्लॅटांत राहणाऱ्या, गाडीतून गाडीत उतरणाऱ्या लोकांना होणारा हा आजार. हिलाल कारखान्यात सांगत सुटला, "आमच्या घरी सगळ्यांना डी निघालं." ज्यांना निघालं नव्हतं, म्हणजे ज्यांनी तपासलं नव्हतं, ते वरमले. सुषमाने तर मोबाइलच्या स्टेटसवर टाकलं, खाली रडका चेहरा.

डॉक्टर शहाणा होता. म्हणाला, "प्रत्येकानं आठवड्याला एक पुडी, दुधातून. आठ आठवडे. मग परत दाखवा. हे जीवनसत्त्व कमी असलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही, मग हाडं दुखतात, मांड्यांतला जोर जातो. आणि रोज जरा वेळ उन्हात बसा, हात-पाय उघडे ठेवून. त्याला पैसे पडत नाहीत."

हेच त्याचं चुकलं. पैसे पडत नाहीत म्हटल्यावर हिलालचा उन्हावरचा विश्वासच उडाला.

"बायामाणसानं हातपाय उघडे टाकून कुठं बसायचं?" बाहेर आल्यावर तो म्हणाला. "वर पोरं राहतात."

"अन् मी काळी पडू का परत?" सुषमा म्हणाली.

"पप्पा, ऊन आउटडेटेड आहे," सागर म्हणाला. "पुडीत तेच असतं, कॉन्सन्ट्रेटेड."

अशा रीतीनं सूर्य बाद झाला आणि पुड्या घरात आल्या. एका स्टीलच्या डब्यात त्या रचल्या गेल्या, देव्हाऱ्याशेजारी.

पहिल्या रविवारी पाचही जणांनी पुडी घेतली, फोटो निघाला. दुसऱ्या रविवारी हिलाल म्हणाला, दुधानं पित्त होतं, नंतर घेतो. योगराज पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, तो विसरला. सुषमाने कुठेतरी वाचलं की या पुडीनं वजन वाढतं. सागर जिमला जायचा, त्याचे तिथलेच वेगळे डबे होते, त्यांवर दंड फुगलेल्या माणसाचं चित्र होतं. सोमवारी उषाबाईनं देव्हारा पुसताना डबा उघडला तर चार पुड्या तशाच पडलेल्या.

इतर कुठल्याही घरात त्या तशाच पडल्या असत्या. पण या घराला शिस्त होती. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, भाऊबंदकीबाहेर जाऊ देत नाहीत आणि टाकत तर नाहीतच, कणन्‌कण घरातल्यांनी संपवायचा असतो. उषाबाईनं हा नियम वर्षभर सगळ्याच गोष्टींना लावलेला. हे तर औषध, वर दुधातून घ्यायचं, विकत आणलेलं. टाकणार कशी? सोमवारी तिने हिलालची घेतली. मंगळवारी योगराजची. बुधवारी सुनेची, गुरुवारी सागरची. वाटीच्या तळाशी राहिलेली दाणेदार साखर बोटानं पुसून चाटली. रविवारी पुन्हा स्वतःची. भात संपवावा तसं तिनं घरच्यांच्या वाट्याचं ऊन संपवायला घेतलं.

आणि तिला गुण आला. हे खोटं नाही. महिनाभरात मांड्यांमध्ये जोर आला, जिन्याच्या कठड्याला धरायचं सुटलं. लेस लावायला मांडी घालून बसली तर उठताना हात टेकावा लागेना. एका पुडीनं इतकं तर पाच पुड्यांनी किती, हा हिशेब तिनं मनात केला, आणि तो सगळ्या जगानं आजवर केलेल्या हिशेबांसारखाच होता.

आठ आठवडे झाले. डब्यातल्या पुड्या संपल्या होत्या, त्यामुळे घरात प्रत्येकाला वाटलं की बाकीच्यांनी कोर्स पूर्ण केला आणि आपला बहुधा आपणही केला असावा. डॉक्टरकडे परत जाण्याऐवजी योगराजनं जुन्या कागदाचा फोटो औषधवाल्याला पाठवला. त्यानं पाच जणांच्या पुड्या पुन्हा पाठवल्या, सोबत उषाबाईसाठी कॅल्शियमच्या गोळ्या, कारण त्याच्या मते ते चांगलं असतं. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दवाखानेवाल्यानं वर 'ताकदीची सुई' दिली. त्या सुईत काय आहे हे उषाबाईनं विचारलं नाही. सुईला दुखलं म्हणजे त्यात काहीतरी आहेच.

आषाढात तिला तहान लागायला लागली. तांबेच्या तांबे पाणी प्यायचं आणि तितक्याच वेळा उठायचं. मग अन्नावरची वासना गेली. ताटात उरलेलं निस्तरताना घास घशात फिरायचा, तरी ती निस्तरायची. पोट साफ होईना. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. एके दिवशी तिनं साडीच्या उलट्या बाजूला सगळी लेस लावून टाकली.

"मम्मी, तुम्ही परत ओकल्या?" सुषमानं दारातून विचारलं.

"पित्त आहे."

"पप्पांना सांगू?"

"तोंड उघडशील तर बघ. कानबाई होऊ दे."

सुषमानं तोंड उघडलं नाही. सासूचा शब्द मोडायचा नाही, हे तिला नेमकं त्याच दिवशी आठवलं.

रोटाचे गहू निवडायला रंजना आली. दोघी जावा सुपं घेऊन समोरासमोर बसल्या. रंजनाही मध्यंतरी घाबरून तपासून आली होती. तिचंही डी कमीच निघालं होतं, पण पुड्या आणायला तिच्या नवऱ्याला, धर्मेंद्रला, अजून सवड झाली नव्हती.

"बाई, बसल्यापासून तिसरा तांब्या आहे तुमचा," रंजना म्हणाली.

"तांबे मोजायला आली का गहू निवडायला?"

"गाल बसले तुमचे. पाट मी घेते या साली. पुढच्या साली तुम्ही घ्या, मी काय पळून चालली का पाट घेऊन?"

"एकदा हात घातला ना, तेव्हाच कळलं मला."

"हात घातला नसता तर देवी नालीत गेली असती, बाई."

"गेली असती तर माझ्या हातून गेली असती."

रंजनानं सूप झटकलं आणि खडा काढून उषाबाईच्या पुढ्यात ठेवला. त्या रात्री उषाबाईनं सागरची पुडी घेतली आणि, शंका नको म्हणून, सुषमाचीही.

सोमवार उजाडला. ढोलवाले आले, गल्ली धुऊन निघाली. उषाबाईनं हिरवा शालू नेसला. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे साड्यांवरचे खडे नाचत होते, पण पाय उभे होते, आणि पायांपुरताच तिचा देवीशी करार होता. पाट डोक्यावर चढला. ती उंबऱ्याबाहेर आली. त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती आणि चौकाच्या बाजूनं सरळ, पिवळं ऊन गल्लीत घुसलं होतं. पहिल्या बाईनं पायावर पाणी ओतलं. ते थंड लागलं, एवढं तिला कळलं. पुढचं कळलं नाही.

पाट पडला नाही. रंजना तिथे होतीच. तिनं एका हातानं पाट घेतला, दुसऱ्या हातानं जावेला भिंतीशी टेकवलं, पाट डोक्यावर नीट बसवला आणि चालू लागली, कारण देवीला थांबवून चालत नाही. ढोलाचा एक ठोकाही चुकला नाही. देवी तापीकडे गेली आणि उषाबाई, देवीच्या मिरवणुकीसाठी सांगितलेल्या टेंपोतून, उलट्या दिशेला दवाखान्यात.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरनं रिपोर्ट हातात घेतला. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं, मूत्रपिंडं कुरकुरायला लागलेली, आणि डी एवढं की आकड्याच्या जागी 'यापेक्षा जास्त' अशी खूण.

"मशीनला मोजता नाही आलं," योगराज बापाला म्हणाला. त्याच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा अभिमान होता. मग डॉक्टरला, "पण सर, कमी होतं ना तिचं? आता जास्त झालं म्हणजे चांगलंच ना?"

"तहान लागली म्हणून तुम्ही तापीत उडी मारता का?" डॉक्टर म्हणाला. "जास्तीचं लघवीवाटे निघून जाणारं हे विटामिन नाही. हे चरबीत साठतं आणि महिनोन्‌महिने राहतं. कमी असलं तर कॅल्शियम हाडांत पोचत नाही, फार झालं तर तेच कॅल्शियम रक्तात उतू जातं. पुड्या किती दिल्या?"

"आठवड्याला एक. सगळ्यांनाच. पूर्ण कोर्स केला आम्ही."

"तुम्ही घेतल्या?"

"म्हणजे, घरात संपल्या."

"तुम्ही?" डॉक्टरनं हिलालकडे बघितलं. हिलाल पंख्याकडे बघायला लागला. सागर मोबाइलकडे. सुषमा खाली बघत म्हणाली, "मी डब्यात ठेवायची. सकाळी नसायची."

"कुठे जायची ती? कुणी विचारलं नाही?"

कुणी विचारलं नव्हतं. त्या घरात ताटात टाकलेलं सकाळी नसतंच; ते कुठे जातं हा प्रश्न पडायला माणूस बाहेरचा लागतो. डॉक्टर खाटेकडे वळला. "एटले बेन, पांच जणनो डोझ तमे एकलां लेतां हतां?"

"वाया जात होत्या," उषाबाई म्हणाली.

डॉक्टरनं लिहून दिलं: पुडी बंद, कॅल्शियम बंद, दूध बंद, सलाइन चालू, आणि काही महिने उन्हात बसायचं नाही.

"उन्हात पण नाही?" हिलालनं विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी ऊन औषधाइतकं गंभीरपणे घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी रंजना रोट घेऊन आली. पुरणाची जाड पोळी, वर गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी. तिनं डबा उघडला, आणि सगळ्यांनी सवयीनं उषाबाईकडे बघितलं. उषाबाईनं मान हलवली. "माझ्याच्यानं होत नाही," ती म्हणाली. हे वाक्य त्या कुटुंबात याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. रोट टाकता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही, आणि संपवणारी तर नळी लावून पडलेली. बराच वेळ डबा या मांडीवरून त्या मांडीवर फिरला. शेवटी हिलालनं तो खाल्ला, न्याय मिळाला नाही अशा चेहऱ्यानं, आणि म्हणाला, "भाजी अळणी आहे."

"पाट कसा नेला?" उषाबाईनं रंजनाला विचारलं.

"डोक्यावर."

"वाकडा नेला असशील."

"थोडा," रंजना म्हणाली. खरं म्हणजे सरळ नेला होता.

पाट रंजनाकडे गेला तो कायमचा. चुलतसासूनं गावाहून फोनवर निकाल दिला, आणि फोन स्पीकरवर होता. उषाबाई घरी आली तेव्हा सुषमा देव्हारा आवरत होती. तिनं स्टीलचा डबा हलवून बघितला. आत पुड्या वाजल्या.

"मम्मी, या उरल्या. टाकून देऊ?"

"टाकू नको." उषाबाई खाटेवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून. "रंजनाकडे देऊन ये. तिचं पण कमीच आहे. आता पाट तिला उचलायचाय."

सुषमानं डबा पिशवीत घातला, मोबाइलच्या गाण्यांची बोंडं कानात खुपसली आणि निघाली. कशा घ्यायच्या, हे तिनं विचारलं नाही. उषाबाईनंही सांगितलं नाही. सुनेच्या चपला गल्लीत वाजत गेल्या आणि विरल्या. उषाबाई पडून राहिली. एक बारीकसं सुख तिच्या छातीत बसलं होतं, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं. ती ते जिभेनं घोळवत राहिली. श्रावण यायला पुढे अख्खं वर्ष होतं. रंजनाचं पोरगं अर्धं ताट टाकून उठतं, धर्मेंद्र दुधाला हात लावत नाही, हे तिला माहीत होतं. ते सगळं कोण निस्तरतं, हेही.

मग ती उठली. कुठलीही हाक ऐकू न येणाऱ्या सुनेला हाक मारण्यात अर्थ नव्हता. भिंतीला धरून ती खाली उतरली, डोक्यावरून पदर ओढला आणि डॉक्टरनं मना केलेल्या उन्हात दोन गल्ल्या चालत गेली. वाटेत दोनदा बसली.

रंजना दारातच, भांड्यांच्या घोळक्यात बसलेली. पुढ्यात पोराचं ताट, हातात त्याच्या खिचडीचा घास. शेजारी डबा तसाच, न उघडलेला.

"बाई, तुम्ही उन्हात कशाला आल्या?" ती भरल्या तोंडानं म्हणाली. "जीव वर आला का?"

उषाबाई दाराच्या चौकटीला टेकली. दम खाल्ला.

"आठवड्याला एक घ्यायची," ती म्हणाली. "अन् आपलीच. दुसऱ्या कुणाची नाही."

रंजनानं मान डोलावली, आणि ताट पुसून चाटलं.